वहिनीच्या खिशातली गोळी

गल्लीतले लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि तिची पाठ वळली की फौजदार. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि दुसऱ्याचा तिला मनातून थोडा अभिमानच होता. धुलाईचं दुकान चालवायचं तर माणसाने संशयी असायलाच हवं, असं तिचं ठाम मत. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी ती प्रत्येक खिसा उलटा करायची, शिवण चाचपायची, कॉलर उजेडात धरून बघायची. एक विसरलेलं पेन हॉटेलच्या गाठोडंभर पांढऱ्या चादरींचा सत्यानाश करतं, हे तिने पाहिलं होतं.

शिवाय संशयाने तिचं एकदा भलंही केलं होतं. तरुणपणी नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला लहान मुलाचा मोजा सापडला. एकच, आणि तिला तर मूलबाळ नव्हतं. त्या मोज्याचा माग काढत ती थेट नवऱ्याच्या दुसऱ्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानंतर ती थोरल्या भावाकडे आली ती कायमची. भावाने तिला एका शब्दाने काही विचारलं नाही. दुकानात दुसरं इस्त्रीचं टेबल मांडलं आणि म्हणाला, "हे तुझं."

तो भाऊ जाऊन आता काही वर्षं झाली होती. साधा खोकला, मग ताप, मग इस्पितळात निमोनिया, आणि बघता बघता सगळं आटोपलं. मागे उरल्या दोघी, नणंद आणि वहिनी. वहिनी नात्याने मोठी पण वयाने ताईपेक्षा बरीच लहान. त्यामुळे ताई तिला वहिनी म्हणायची आणि तूही म्हणायची. दोघींचं फाटणार, दुकान विकलं जाणार, असा लोकांचा होरा होता. तसं काही झालं नाही. एक मशीन बघायची, दुसरी इस्त्री, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत संसार चालायचा.

एके दिवशी घरचे कपडे धुवायला घेताना वहिनीच्या स्वेटरच्या खिशातून एक गोळी निघाली. निळी, लांबट, कागदाच्या कपट्यात गुंडाळलेली.

"ही कसली गं?" ताईने हातावर धरून विचारलं.

"अशक्तपणाची आहे," वहिनी म्हणाली. "दम लागतो ना अलीकडे." आणि पुढे होऊन तिने ती गोळी ताईच्या तळहातावरून उचलून घेतली.

उत्तर फार झटकन आलं. ताईच्या मनात पाल चुकचुकली. अशक्तपणाची गोळी माणूस डबीत ठेवतो, कागदात गुंडाळून खिशात लपवत नाही. शिवाय वहिनीला दम लागलेला तिने कधी पाहिला नव्हता; ओल्या चादरींची पाटी उचलताना दम लागायचा तो ताईला.

वहिनी हॉटेलवाल्यांकडे कपडे पोचवायला गेल्याबरोबर तिने वहिनीचं कपाट उघडलं. लोकरीच्या कपड्यांच्या मागे औषधाची बाटली होती. नाव लांबलचक, वाचता वाचता जीभ अडखळावी असं. ताईने बाटली शालीखाली घेतली आणि आपल्या गल्लीतलं औषधाचं दुकान टाळून दूर बाजारातल्या दुकानात गेली.

औषधवाल्याने चष्मा कपाळावर चढवून बाटली फिरवून पाहिली. मग ताईकडे पाहिलं.

"कुणाची आहे?"

"शेजारणीची."

"हं. असल्या गोळ्या कायम शेजारणीच्याच असतात," तो म्हणाला. मग गिऱ्हाईक नाही ना हे पाहून त्याने आवाज खाली आणला. "एचआयव्हीचं औषध आहे हे. एड्स, एड्स. मी ठेवत नाही. महाग असतं आणि घेणारेही इथे येत नाहीत, लांब जातात. तुमच्यासारखे."

ताई दुकानाबाहेर आली तेव्हा तिला रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येत नव्हता. पहिला विचार वहिनीचा आला आणि दुसरा, त्याच्या पाठोपाठ, भावाचा. खोकला. ताप. निमोनिया. धडधाकट माणूस निमोनियाने असा जातो का? त्या वेळी इस्पितळात डॉक्टर वहिनीला बाजूला घेऊन काय बोलला होता? ताई तेव्हा औषधं आणायला धावत होती. ती आली तेव्हा दोघं गप्प झाले होते. गप्प झाले होते की तिला आता तसं वाटत होतं? एकदा माणूस मागे वळून संशयाने पाहू लागला की गेलेल्या दिवसांनाही वाचा फुटते. भावाने हे वहिनीला दिलं, की वहिनीने भावाला? तिला दोन्ही विचार सहन होईनात आणि दोन्ही सुटेनात.

बाटली होती तिथे ठेवून दिली. पण त्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. वहिनीचा टॉवेल ती चिमटीत धरून उचलू लागली, तिचे कपडे वेगळे काढून उकळत्या पाण्यात टाकू लागली. एकदा वहिनीने उष्टी बशी पुढे केली तर ताईने हात मागे घेतला. लगेच तिची तिलाच लाज वाटली, पण हात मागे गेला तो गेलाच.

आणि ती डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागली. वहिनी बाहेर गेली की बाटली काढायची आणि कानाशी धरून हलवायची. अशी बरेच दिवस हलवली तेव्हा तिच्या लक्षात एक गोष्ट आली. बाटली जेवढ्या वेगाने हलकी व्हायला हवी तेवढ्या वेगाने होत नव्हती. रोज रात्री जेवणानंतर वहिनी पाण्याचा पेला घेऊन आत जायची, म्हणजे गोळी घ्यायलाच. मग बाटलीचा आवाज एवढा भरलेला कसा? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

दर आठवड्याला एकदा वहिनी संध्याकाळी "बटणं आणायला" म्हणून जायची. एवढी बटणं आणली असती तर दुकानाच्या भिंतीला लावता आली असती. ताई एकदा तिच्या मागोमाग गेली. बसथांब्यापलीकडे किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी होती. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आत एक छोटं यंत्र आणि त्याच्यामागे पन्नाशीकडे झुकलेला, कानशिलावर पांढरे केस असलेला माणूस. वहिनी टपरीत गेली, स्टूल ओढून बसली. तो किल्ली घासत होता, ती बोलत होती. एवढंच. पण मध्येच वहिनी हसली, आणि तसं हसताना ताईने तिला भाऊ गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

ताई तशीच परत फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाची किल्ली घेऊन एकटीच त्या टपरीवर जाऊन उभी राहिली.

"हिच्या जोडीला एक करून द्या."

त्याने किल्ली घेतली, उलटसुलट पाहिली आणि मग तिच्याकडे पाहिलं. "ही किल्ली मी पूर्वी एकदा केली आहे. तुमच्या वहिनींना. तुम्ही ताई ना?"

"लोक फौजदार म्हणतात."

"तेही ऐकलंय," तो म्हणाला, आणि हसला नाही. "किल्लीसाठी नाही आलात तुम्ही."

ताईने मनाशी बरंच काही जुळवून आणलं होतं, पण समोरच्याने असं दार उघडं टाकलं तर धक्का कुणाला देणार? ती सरळच म्हणाली, "माझ्या वहिनीच्या कपाटात औषध आहे. कसलं ते मला कळलंय. ती आजारी आहे हे तुम्हाला माहीत आहे का? की तुम्हालाही तिने अशक्तपणा सांगितलाय?"

त्याने यंत्र बंद केलं. फडक्याला हात पुसायला त्याला बराच वेळ लागला.

"ताई, गोळी तिची आहे. आजार माझा आहे," तो म्हणाला. "मला आहे एचआयव्ही. तिला नाही. आणि तो तिला होऊ नये म्हणून ती ते औषध घेते. माझी औषधं वेगळी."

ताई म्हणाली, "निरोगी माणूस रोगाचं औषध खातो? मला कच्च्या गुरूची चेली समजलात की काय?"

"मलाही आधी पटलं नव्हतं. वहिनींना विचारा. माझ्याकडून ऐकाल तर तुम्हाला थाप वाटेल."

थाप तर वाटतच होती. घरी येईपर्यंत ताईने त्याचं सगळं गणित मांडलं होतं. याला जडलेला रोग, याला सेवेला हवी असलेली बाई, आणि कुठल्याशा गोळीची भूल घालून याने वहिनीला जाळ्यात ओढलं. तिचा नवरा दोन घरं चालवताना असाच शांत आवाजात बोलायचा.

दुपारी हॉटेलच्या मोठ्या चादरी वाळून आल्या. त्या घडी करायला दोन माणसं लागतात. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, आणि प्रत्येक घडीला एकमेकींजवळ यायचं. तिसऱ्या चादरीला, दोघी समोरासमोर आल्या तेव्हा, ताई म्हणाली, "किल्लीवाल्याकडे जाऊन आले मी."

वहिनीच्या हातातली टोकं सुटली नाहीत. पण तिचा चेहरा चादरीसारखाच पांढरा पडला.

"काय म्हणाला?"

"तू सांग. तो काय म्हणाला ते माझ्याजवळ आहे. दोन्ही जुळतंय का बघते."

"फौजदार," वहिनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ताईच्या तोंडावर. मग चादर टेबलावर टाकून ती बाकावर बसली आणि बोलू लागली. किल्ल्या करायला ती त्याच्याकडे गेली होती, दुकानाचं कुलूप बिघडलं तेव्हा. मग बोलणं वाढलं. त्याने तिचा हातही हातात घेण्याआधी तिला सांगून टाकलं होतं. त्याला स्वतःलाच कळून फार दिवस झाले नव्हते. नुकती औषधं सुरू झाली होती. "मी उठून आले, ताई. पुन्हा तिकडे फिरकले नाही. किती तरी दिवस. आणि मग एक दिवस मला वाटलं, हा माणूस खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. माझ्याशी एवढं खरं कोण बोललंय?" मग तीच त्याच्याबरोबर सरकारी इस्पितळात त्याच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने आधी तिचं रक्त तपासलं, मूत्रपिंड तपासलं, आणि मग सांगितलं, याच्या औषधाने याच्या रक्तातला विषाणू दबायला काही महिने जातील. तोवर तुम्ही ही गोळी रोज घ्या.

"आणि माझा भाऊ?" ताईच्या तोंडून गेलं.

"तुमचा भाऊ काय?"

"त्याला… त्यालाही हेच होतं का? त्या दिवशी डॉक्टरने तुला बाजूला घेऊन काय सांगितलं?"

वहिनी उठून उभी राहिली. ताईने तिला रागावलेलं पाहिलं होतं, पण असं नाही. "त्याने सांगितलं की वाचणार नाहीत, बहिणीला आत्ताच सांगू नका, ती उभी राहू शकणार नाही. एवढंच सांगितलं. इतके दिवस तुम्ही त्यांच्यावर संशय घेत होता? मेलेल्या माणसाचे खिसेसुद्धा उलटे केलेत तुम्ही?"

मशीनचा घर्रर्र आवाज चालू होता. ताईला वाईट वाटत होतं, आणि तरी तिच्या आतला फौजदार गप्प बसेना. जे एक टोक अजून जुळत नव्हतं ते तिला दिसत होतं.

"बरं, मी वाईट," ती म्हणाली. "पण डॉक्टरने रोज सांगितलीय ना गोळी? मग बाटली भरलेली कशी वाजते?"

वहिनीच्या रागातली सगळी हवा निघून गेली.

"तू घेत नाहीस."

"घेते."

"रोज?"

"एक दिवसाआड," वहिनी म्हणाली. "कधी कधी दोन."

मग बाकीचं बाहेर आलं. पहिल्या बाटलीचे पैसे किल्लीवाल्याने दिले होते. पुढच्या वेळी वहिनीने सांगितलं, माझं मी बघेन. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या खासगी दुकानातून ती बाटली आणायची आणि ती घेतली की तिच्या हातात आलेले महिन्याचे पैसे जवळजवळ संपायचे. दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही हे तिने ठरवलं होतं. मग तिने गोळ्या ताणायला सुरुवात केली. किल्लीवाल्याला ती सांगायची, रोज घेते.

"आणि त्या इस्पितळातच मिळत नाही?"

"मिळते. फुकट मिळते. पण औषधाच्या खिडकीत दवंडी बसते."

दवंडी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी बाई. कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी तिला त्या घरातल्या बाईच्या आधी कळायचं आणि तासाभरात गल्लीला. तिच्या खिडकीतून ही बाटली घेणं म्हणजे छपरावर चढून ओरडण्यासारखंच.

ताईने चादरीची दोन टोकं उचलली. "धर," ती म्हणाली. "एवढ्या करून टाकू. उद्या दुकान बंद. इस्पितळात जायचं."

"तुम्ही कशाला?"

"मला कुणाचंच काही पटलेलं नाही. त्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय."

इस्पितळातली डॉक्टर ताईच्या अपेक्षेपेक्षा तरुण आणि दमलेली निघाली. वहिनीने एक दिवसाआडचं सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"असं करायचं नाही," ती म्हणाली. "विषाणू शरीरात शिरला तर त्याला पाय रोवू द्यायचे नाहीत, हे या गोळीचं काम. त्यासाठी तो यायच्या आधीच औषध रक्तात पुरेसं असावं लागतं. मध्ये दिवस गाळले की पातळी उतरते, आणि बायकांच्या शरीरात तर रोज घेतल्याशिवाय ती पुरेशी राहतच नाही. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात लागण झाली आणि तुम्ही अर्धवट गोळ्या घेत राहिलात, तर विषाणू या औषधाला सरावतो. मग पुढे उपचाराला हेच औषध चालत नाही."

"म्हणजे हे डाग काढायचं औषध नव्हे," ताई म्हणाली. "डाग धरूच नये म्हणून आधी लावायचं."

"तसं समजा."

"मग औषधवाला मला एड्सचं म्हणाला ते?"

"तोही पूर्ण खोटं बोलला नाही. हेच औषध, सोबत आणखी एक जोडून, रुग्णांना देतात. निरोगी माणसाला एवढंच पुरतं."

ताईने खुर्ची पुढे ओढली. "आणि फुकट का देता? बाहेर एवढी महाग, इथे फुकट. आमच्यावर प्रयोग चाललाय का कसला? की आत खडूची भुकटी आहे?"

वहिनीने कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र रागावली नाही. "आत तेच औषध आहे. बाहेर तुम्ही मोठ्या कंपनीच्या नावाचे पैसे देत होता. त्याच औषधाची साधी बाटली बाहेरसुद्धा पुष्कळ स्वस्त मिळते, तुम्हाला कुणी सांगितलं नाही एवढंच. आणि फुकट म्हणाल, तर एका माणसाला जन्मभर औषधं पुरवण्यापेक्षा त्याला आजार होऊ न देणं सरकारला परवडतं. दया वगैरे काही नाही. हिशेब आहे."

हिशेब म्हटल्यावर ताईला पटलं. दयेवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

डॉक्टरने मग निरोधाबद्दल विचारलं आणि ताई खिडकीबाहेरच्या झाडाकडे फार लक्ष देऊन पाहू लागली. उष्ट्या बशीने, टॉवेलने काही होत नाही, हेही डॉक्टरने कुणी न विचारता सांगितलं. ताईचे कान तापले. वहिनीने हे सांगितलं होतं की डॉक्टरला सगळ्याच नणंदा ठाऊक होत्या, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

रक्त घेतलं. तिथल्या तिथे होणाऱ्या तपासणीत काही निघालं नाही, पण गोळ्या गाळल्या होत्या म्हणून डॉक्टरने आणखी एक नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. त्याचा निकाल यायला वेळ होता. मग औषधाची खिडकी. आत दवंडी बसली होती. तिने दोघींकडे असं पाहिलं की जणू जन्मात कधी पाहिल्याच नव्हत्या. बाटली पुढे सरकवली, गोळी कशी घ्यायची ते एका सुरात सांगितलं आणि म्हणाली, "पुढचे या."

निकालाची वाट पाहण्याचे दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की दोघी थबकायच्या, आणि असायचं कुणीतरी शर्टाच्या डागाबद्दल विचारणारं. ताई गल्लीत कान टवकारून फिरत होती. दवंडी रोज भेटत होती, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या भाडेकरूचं सांगत होती, पण इस्पितळाचा विषय काढत नव्हती. ताईला त्या गप्प बसण्याचाच जास्त संशय येऊ लागला. शेवटी तिने दवंडीला नळाशी गाठलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"काय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

दवंडीने कळशी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं उतावीळ हसू गेलं. "ताई, मी त्या खिडकीत इतकी वर्षं बसते. तिथलं मी इथे आणत असते तर या गल्लीत एकमेकांशी बोलायला कुणी उरलं नसतं." तिने कळशी उचलली. "दूध उतू गेलं ते मी सांगते. तेवढं तरी सांगू द्या मला."

ताई घरी निघाली. वाटेत प्रत्येक दाराकडे तिची नजर आपोआप जात होती: हे असतील? की ते? मग तिचं तिलाच कळलं आणि ती खाली बघत चालू लागली.

त्याच दिवशी किल्लीवाला दुकानाशी आला. आत यायला तयार होईना. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वहिनीने त्याला एक दिवसाआडचं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं.

"मला म्हणाली होती रोज घेते," तो ताईला म्हणाला. वहिनी आत मशीनपाशी होती आणि तिला ऐकू जात होतं, हे दोघांनाही माहीत होतं. "मी माझं सगळं सांगितलं हिला. पहिल्या दिवसापासून. आणि हिने मला… मी यंत्र विकलं असतं, ताई."

या माणसाला लबाड ठरवण्यात ताईने आपली सगळी हुशारी खर्च केली होती. आणि लपवाछपवी केली होती ती तिच्या घरच्या माणसाने, ज्याची बाजू ती घेत होती.

"यंत्र विकून किल्ल्या काय दातांनी घासणार होतात?" ती म्हणाली. "आत या. उन्हात उभं राहून लोकांना तमाशा दाखवू नका."

तो आत आला. वहिनीने मशीनकडेच तोंड ठेवलं होतं. तिचे खांदे हलत होते. ताई कपड्यांची पाटी घेऊन मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. कान मात्र तिने दाराला लावलाच. पलीकडून फक्त मशीनचा आवाज येत होता.

निकाल आला. वहिनीला लागण नव्हती. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही नव्हती. दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं ठरलं आणि औषध त्या खिडकीतून नेमाने मिळू लागलं. रोज रात्री गोळी घेतल्यावर वहिनी तोंड उघडून जीभ दाखवायची, आधी चिडून आणि मग चेष्टेने. "बघा फौजदार, गिळली." सुरुवातीला तिला मळमळायचं, ते हळूहळू थांबलं.

पुढे वहिनीने आणि किल्लीवाल्याने नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून ताईने सही केली, आधी कागद पुढून मागून वाचून. वहिनी त्याच्या घरी राहायला गेली. सकाळी दुकानात यायची, संध्याकाळी परत. मागच्या दोन खोल्या ताईला अचानक फार मोठ्या वाटू लागल्या. आपल्याला इतके दिवस रोगाची भीती वाटत होती की याची, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने त्याच्याकडे काणाडोळा केला.

बऱ्याच महिन्यांनी एके सकाळी वहिनी कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावता लावता म्हणाली, "ताई, मी गोळी थांबवतेय. यांच्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. सहा महिने झाले, एकदाही वर आला नाही. डॉक्टर म्हणते, असं असलं की लागण होत नाही, थांबवली तरी चालेल. ते त्यांचं औषध चालू ठेवणारच आहेत."

ताईच्या हातातली इस्त्री थांबली. "आणि त्याने एखादा दिवस गाळला तर?"

"नाही गाळणार."

"तूसुद्धा गाळणार नव्हतीस."

वहिनीने चिठ्ठी लावली, टाचणी टोचली. "खरंय," ती म्हणाली. "पण हे माझं मी ठरवलंय, ताई."

ताई इस्पितळात गेली. डॉक्टरने तिला तेच सांगितलं, सविस्तर, समजावून. पण ताईने विचारलं, "त्याचा रिपोर्ट खरंच तसा आहे का?" तेव्हा डॉक्टरने मान हलवली. "ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो त्यांचा आहे. त्यांनाच विचारा."

म्हणून ती टपरीवर गेली. तो एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या बघत उभी राहिली. तो वळला, तिचा चेहरा पाहिला, आणि तिने तोंड उघडायच्या आतच खालचा खण ओढून घडी घातलेला कागद काढून पुढे केला.

"तुम्ही याल असं ती म्हणालीच होती. बघा."

ताईचा हात पुढे गेला. कागद तिच्या बोटांना लागला. तो तिच्याकडे शांतपणे पाहत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थोडा थकवा होता, पुन्हा पुन्हा तपासल्या जाणाऱ्या माणसाचा.

"राहू दे," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं." आणि हात मागे घेतला. "ती म्हणाली ना? मग झालं."

त्याने कागद परत खणात ठेवला. ताईने उद्या संध्याकाळी दोघांना जेवायला यायला सांगितलं आणि ती निघाली.

बसथांब्यापर्यंत आली आणि थांबली. बघायला हवा होता. निदान वरचा आकडा. तिने वळून पाहिलं. टपरीत यंत्र पुन्हा सुरू झालं होतं आणि तो खाली मान घालून कामाला लागला होता. अजून जाता आलं असतं. त्याने काही न बोलता पुन्हा काढून दिला असता.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हॉटेलची गाडी कपडे घ्यायला यायची वेळ झाली होती, म्हणून दुकानाकडे चालू लागली.